उन्हात घातलेल्या सीड्या

शेजारच्या गच्चीवर गेल्या आठवड्यात यंदाच्या पहिल्या कुरडया पडल्या. पहाटे गव्हाचा चीक शिजल्याचा आंबूस वास भिंत ओलांडून आमच्या स्वयंपाकघरात आला आणि मी चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी राहिले. राजूरमध्ये वैशाख कॅलेंडरवर बघावा लागत नाही. खाणीच्या धुळीने वर्षभर काळवंडलेल्या गच्च्या या दिवसांत झाडून-धुऊन निघतात, त्यांच्यावर जुन्या साड्या अंथरल्या जातात, कोपऱ्यांवर विटा ठेवल्या जातात आणि ऊन चढायच्या आत सगळी वस्ती कुरडया, वड्या आणि लाल मिरच्यांनी भरून जाते. आमचीच गच्ची तेवढी मोकळी आहे. तिच्यावर यंदा झाडूसुद्धा फिरला नाही.

मी वणीला असते, तिथल्या शाळेत शिकवते. सुट्ट्या लागल्या की राजूरला आईकडे येते. आई मधल्या खोलीत बसली होती, खिडकीकडे पाठ करून.

"आई, पापडाचं पीठ भिजवू का थोडं?" मी विचारलं.

"कायले? कोन खाते?"

"वड्या तरी घालू."

"नाई म्हन्लं न शालू. मले ऊन नोको."

मले ऊन नोको. हे वाक्य माझ्या आईचं आहे असं तिच्या ओळखीच्या कुणालाही सांगितलं, तर तो मला वेड्यात काढेल. आईचा या जगात विश्वास होता तो फक्त उन्हावर. डॉक्टरवर नाही, सरकारवर नाही, माझ्या बाबांवर तर मुळीच नाही. ऊन दाखवलं की कीड मरते, हा तिचा कायदा. तुरीची डाळ, हळकुंडं, गाद्या, गोधड्या, बाबा होते तोवर त्यांचे खाणीतले बूट, ट्रंकेतल्या साड्या, माझी प्रमाणपत्रं, सगळ्यांना वर्षातून एकदा गच्चीची पायरी चढावी लागे. नववीत मला गणितात कमी मार्क पडले, तेव्हा तिने माझं दप्तर उचलून उन्हात नेऊन पालथं केलं होतं. "दमट झालं असन," म्हणाली. मी आणि माझा भाऊ संजू पोट धरून हसलो होतो. पुढच्या परीक्षेत मार्क वाढले, हेही इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं; त्यानंतर तर तिला कोण समजावणार?

संजू माझ्याहून धाकटा. लग्नांचं शूटिंग करायचा. आणि मला हा वैशाख सोसवत नाही तो माझ्या लग्नाच्या उन्हाळ्यामुळे. मधे एक तप उलटून गेलं, पण कुरडयांचा वास आला की मी सरळ त्या उन्हाळ्यात जाऊन पडते.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात माणसांपेक्षा सीड्या जास्त होत्या. आई सगळ्यांनाच सीड्या म्हणायची. सीडी असो, डीव्हीडी असो की आणखी काही. मधल्या खोलीत कूलरसमोर संजूचा कॉम्प्युटर होता, कारण घरात कूलर एकच आणि त्यावर पहिला हक्क मशीनचा. आम्ही घामात आणि मशीन गारव्यात. लगीनसराई पेटलेली असायची. संजू दिवसभर कुठल्या तरी मांडवात उभा राहून यायचा, मान उन्हाने भाजलेली, शर्टावर घामाचे पांढरे नकाशे, आणि आल्या आल्या मशीनपुढे बसायचा. मशीनचा ट्रे जीभ काढल्यासारखा बाहेर यायचा, संजू त्यावर डिस्क ठेवायचा, ट्रे आत जायचा आणि मग ती घूं घूं सुरू व्हायची. त्या आवाजात मी माझ्या लग्नाच्या पत्रिकांवर नावं घातली. आजही कुठे पिठाची चक्की सुरू झाली की मला संजूचं मशीन आठवतं.

एकदा दुपारी त्याने मला जवळ बोलावलं. अंगठ्यात आणि बोटात धरून तीन डिस्क त्याने खिडकीच्या उजेडात एकीमागे एक फिरवल्या. पहिली हिरवट झाक मारायची, दुसरी जांभळी. तिसरी मात्र गडद, तपकिरी, चहाच्या बुडाशी राहिलेल्या रंगाची.

"हे कोनती?" मी विचारलं.

"ब्लू-रे," तो म्हणाला, आणि एखाद्याने सून दाखवावी तसा हसला.

"निळी कुठं हाय थे? मळकी दिसते."

"अवो ताई, डिस्क निळी नसते, उजेड निळा असते." मग त्याने मला समजावलं, आणि ते समजावणं मी आजवर विसरले नाही. आमच्या मामाचं वावर केळापूरच्या बाजूला. आम्ही दोघं लहानपणी तिथे कापसात वाढलेलो. त्यामुळे त्याने वावरच पुढे घेतलं.

"मामाचं वावर आठवते न? मामा कपाशीचं तास चार फुटावर धरे. थे झाली सीडी. तेवढ्याच वावरात दोन फुटावर पेरलं तं थे डीव्हीडी. अन् आता थे नवीन निघालं न, फुटाच्या आत झाडाले झाड लावतेत, थे झाली ब्लू-रे. वावर तेवढंच हाय ताई. पेरणी दाट."

"मग सगळे हेच काहून नाई वापरत?"

"दाट पेरलं तं तण काढाचा डवरा बी बारीक लागते न! डीव्हीडीचा उजेड लाल, थो रुंद डवरा. या तासात घातला तं पीकच उपटीन. निळा उजेड बारीक. थो आत जाते." तो थांबला. "निळ्या उजेडावर चालनारी अजून एक निघालती. दोघींची लय झुंज झाली. थे हरली बिचारी."

थोडक्यात, सीडीत एखादा तास गाणी मावत. डीव्हीडीत सिनेमा मावे, पण चित्र दाबून बसवावं लागे, जसं आपण मुक्कामाच्या पिशवीत दोन लुगडी जास्तीची कोंबतो. ब्लू-रेत डीव्हीडीच्या पाचपट माल मावायचा आणि काही दाबावं लागायचं नाही. त्याचा नवा कॅमेरा जेवढं बघे तेवढं सगळं, जसंच्या तसं. फक्त एकच अडचण होती. अख्ख्या पंचक्रोशीत ती डिस्क लावून बघायला कुणाकडे यंत्र नव्हतं.

"मग कोनासाठी करून राह्यला तू हे?" मी विचारलं.

"पुढं येईन न सगळ्याइकडं," तो म्हणाला. "तवा आपलं तयार पायजे."

ते पुढं कधी आलंच नाही. आमच्याकडे डीव्हीडी गेली आणि थेट मोबाईल आला. मधलं स्टेशन गाडीने घेतलंच नाही. संजू मात्र त्या स्टेशनवर पेटी घेऊन उभा होता. मला कधी कधी त्याचा इतका राग येतो, की तो समोर असता तर दोन लगावल्या असत्या.

आमच्यात नवरी पांढऱ्या साडीत असते. विहाराच्या पटांगणात मांडव, वैशाखाचं भर ऊन, बुद्धवंदना, पंचशील आणि चारही बाजूंना पांढरंच पांढरं. संजूला या पांढऱ्याची फार धास्ती. उन्हात पांढरी साडी कॅमेऱ्यात जळते म्हणायचा. डीव्हीडीवर आमच्यातल्या कुठल्याही लग्नात नवरीच्या जागी पांढरा डाग आणि त्यावर एक तोंड, एवढंच दिसे. म्हणून शूटिंग सुरू करण्याआधी तो कॅमेऱ्याला 'पांढरं दाखवायचा'. कुणाचा रुमाल, कुणाची टोपी, जे पांढरं हाती लागेल ते उन्हात धरायला लावून कॅमेरा त्यावर रोखायचा. पांढरं म्हणजे काय हे एकदा कॅमेऱ्याला कळलं की बाकीचे रंग तो चुकत नाही, असं संजूचं म्हणणं. लोक हसायचे. आई म्हणायची, "मी चिजायले ऊन दाखवते तं याले हसू येते, अन् हा पाह्य, कॅमेऱ्याले पांढरं दाखवते."

माझ्या लग्नात नातेवाइकांनी त्याला परोपरीने सांगितलं, अरे बाबा, तू नवरीचा भाऊ, आज तरी कॅमेरा दुसऱ्याच्या हातात दे. पुसदचे अन्सारभाई आले होते. त्यांचा तिथे स्टुडिओ, आणि मोठं लग्न असलं की ते आणि संजू मिळून दोन कॅमेरे लावत. ते म्हणाले, मी सांभाळतो. पण संजू ऐकेना. "माह्या ताईचं लग्न दुसरा कोनी काढन अन् माही ताई जाळून टाकन." दिवसभर तो कॅमेऱ्यामागे उभा राहिला. मी निघाले तेव्हा रडत होते, आई रडत होती, आणि तो एक डोळा मिटून भिंगात बघत होता. भिंगातला डोळा कोरडा होता की नाही, मला दिसलं नाही.

पुढे त्याने मला डीव्हीडी दिली. छान सजवलेली, वर आमचा फोटो छापलेला. आत सगळीकडे सिनेमाची गाणी. हळदीला एक, पंक्तीला एक, पाठवणीला तर ठरलेलंच. खरा आवाज कुठेच नाही. लोकांना गाणी लागतात म्हणून सगळेच शूटिंगवाले खरा आवाज काढून टाकायचे. माझा चेहरा खाली हलतोय, ओठ हलतायत आणि वर कुणी तरी मुंबईची बाई गातेय.

"हे काय रे, वंदनेवर बी गानं?" मी त्याला विचारलं.

"थे लोकायले दाखवाले," तो म्हणाला. "तुह्यासाठी हे घे." आणि त्याने ती तपकिरी डिस्क हातात ठेवली. वर काळ्या पेनाने, त्याच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं : ताई, कच्चं. "यात काईच नाई कापलं. सकाळपासून जे जे पाह्यलं थे सगळं, आवाजासकट."

"मी कुठं लावू ही?"

"येईन न यंत्र तुह्याकडं बी. दम धर."

दुसऱ्या लगीनसराईत त्याला कावीळ झाली. गावोगावचं पाणी, रिकाम्या पोटी उन्हात उभं राहणं, आणि ताप आला तरी तारीख मोडायची नाही हा हट्ट. पावसाळा लागायच्या आत तो गेला. मी त्याबद्दल जास्त लिहू शकत नाही. प्रयत्न केला, पण हात थांबतो.

भिंतीवर लावायला फोटो हवा होता. आणि तेव्हा कळलं, की ज्याने अर्ध्या तालुक्याची लग्नं काढली त्याचा धड एक फोटो नाही. सगळीकडे तो कॅमेऱ्यामागे. शेवटी लायसनवरचा टिकलीएवढा फोटो मोठा करून आणला. त्याच्याच भाषेत सांगायचं तर फोटो फुटला. जवळून बघावं तर गालावर चौकटी चौकटी, डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. दूर उभं राहिलं की जरा संजू दिसतो. आई त्याच्याजवळ जात नाही. दारातूनच बघते.

त्याचा कॉम्प्युटर, कॅमेरा, लाइट, सगळं अन्सारभाई घेऊन गेले. ठेवून काय करणार होतो? त्याच्या मोबाईलमध्ये जे काही असेल ते त्या मोबाईलबरोबर संपलं. उरल्या सीड्या. एक पत्र्याची पेटी भरून. लोकांनी न नेलेली लग्नं, बारशी, एक-दोन सिनेमे, माझी डीव्हीडी आणि ती तपकिरी. ती मी वणीला नेली नव्हती. लावायला यंत्र नाही, मग माझ्याकडे काय आणि पेटीत काय, असं वाटलं होतं.

पण माझ्या मनात एक होतं. इतकी वर्षं एक होतं. त्या तपकिरी डिस्कमध्ये संजूचा आवाज आहे. चेहरा नसला तरी आवाज आहे. त्या दिवशी सकाळपासून तो कॅमेऱ्याच्या मागून बोलत होता. ताई वर पाह्य, मामा सरक, आई इकडं ये. गाणी टाकून त्याने स्वतःला सगळ्या डीव्हीड्यांतून पुसून टाकलं होतं. त्या एकाच डिस्कमधून नव्हतं पुसलं. बँकेत ठेव ठेवावी तसं मी ते मनात ठेवलं होतं. कधीही काढता येईल म्हणून कधीच काढलं नाही.

यंदा हिवाळ्यात आईला एकाएकी वाटायला लागलं, की आपल्याला संजूचा आवाज आठवत नाही. ती मला फोनवर म्हणाली, "तोंड आठवते शालू. बोलनं नाई आठवत. कसा बोले थो?" मी फोनवर त्याची नक्कल करायला गेले आणि माझ्या घशातून भलताच कुणी तरी बोलला. मलाही आठवत नव्हता.

मी राजूरहून पेटी आणली आणि शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत गेले. तिथे एक जुनं, ट्रे असलेलं मशीन आहे. आताच्या लॅपटॉपना तोंडच नसतं. म्हटलं आधी डीव्हीड्या तरी पेन ड्राइव्हवर घेऊ. पहिली टाकली. डिस्क रिकामी आहे, असं आलं. दुसरी टाकली. रिकामी. माझ्या लग्नाची टाकली. मशीन बराच वेळ घरघरलं, आणि रिकामी. वेड्यासारखी एकामागून एक टाकत गेले. सगळ्या रिकाम्या. चालली ती एकच, बाजारातून आणलेली सिनेमाची डीव्हीडी. ती खणखणीत चालली. कुणीतरी हिरो मोटारसायकलवरून गात गेला आणि मला त्याचा गळा आवळावासा वाटला.

तशीच राजूरला आले. आईला विचारलं, या सीड्यांना काय झालं?

"काई नाई झालं. मस्त हायेत," ती म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता. "दरसाल, तू सुट्टीत याच्या आधी, ऊन दाखवलं न म्या. त्याचे शर्ट अन् सीड्या. एकेक पदरानं पुसली, बाजीवर पांढरं लुगडं टाकलं, अन् चमकती बाजू वरतं केली. दिवसभर. कीड नाई लागू देल्ली."

मी खाली बसले. एक तपभर, दर वैशाखात, भर उन्हात, दिवसभर. आमच्या राजूरचं ऊन, ज्यात पापड तासाभरात कडक होतो.

संजूनेच मला कधीतरी सांगितलं होतं की छापलेली डिस्क वेगळी आणि लिहिलेली वेगळी. बाजारातली छापलेली असते, तिच्यात खड्डे पाडलेले असतात. ऊन त्यांचं काही करू शकत नाही. घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये रंगाचा पातळ थर असतो, उजेडाने त्या रंगावर खुणा जाळायच्या. म्हणजे उजेडाने लिहिलेलं. आणि जे उजेडाने लिहिलं ते उजेडच पुसणार. साडीचा रंग उन्हात उडतो हे आईला पक्कं ठाऊक; रंगीत साड्या ती नेहमी उलट्या करून वाळत घालते. सीड्या तेवढ्या सुलट घातल्या, कारण चमकती बाजू म्हणजे कामाची बाजू, तिलाच ऊन मिळायला हवं.

"काय झालं व शालू?" आई म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "उन्हानं जाते काय थे?"

खोटं बोलायला एक क्षण लागतो. तेवढा तिने मला दिला नाही.

त्या दिवसापासून ती खिडकीकडे पाठ करून बसते. रडली असती तर बरं झालं असतं. जेवण अर्ध्यावर आलं. नळावर जात नाही, विहारात जात नाही. एकदा मला म्हणाली, "दुसऱ्यांदा म्याच मारला त्याले." मी तिच्यावर ओरडले. ओरडून काय होतं?

आता सगळं त्या तपकिरी डिस्कवर येऊन ठेपलं होतं. तीही दरवर्षी बाजेवर पडली होती. आई म्हणाली, तीच सगळ्यात मळकी दिसायची म्हणून तिला जास्त घासलं आणि जास्त वेळ ठेवलं. संजूचं बोलणं आठवता आठवता माझं डोकं फुटायची वेळ आली. सीडीत मजकूर वरच्या छापील बाजूला चिकटून असतो, डीव्हीडीत दोन काचांच्या मधे घातल्यासारखा पोटात असतो, आणि ब्लू-रेत अगदी तोंडाशी, केसभर खाली. म्हणून तिच्यावर कडक मुलामा देतात, घासलं तरी चरा पडत नाही. घासण्याचं एक वेळ निभलं. पण ऊन? त्यातही दोन जाती, असं तो म्हणाला होता. एक डीव्हीडीसारखी रंगाची, स्वस्त. दुसरी धातूच्या थराची, तिला ऊन खात नाही. त्याने कुठली वापरली होती? मी डिस्क उलटसुलट करून बघितली. वर फक्त 'ताई, कच्चं'. तिची कड एका बाजूने किंचित उचलली होती, उन्हात ठेवलेल्या पापडाची उचलते तशी.

यंत्राचा शोध सुरू झाला. वणीत मोबाईलच्या दुकानात विचारलं, तर पोरगी म्हणाली, "म्याडम, ब्लूटूथ?" पांढरकवड्यात एकाने मला डीव्हीडीच्या मशीनमध्ये घालून बघू या म्हटलं, रुंद डवरा! मी हिसकावूनच घेतली. यवतमाळच्या एका दुकानदाराने हात जोडले. ऑनलाइन मागवलं, तर खोक्यातून डीव्हीडीचंच निघालं, निळ्या रंगाचं. मी खोक्याशेजारी जमिनीवर बसून रडले. शाळेत शिकवताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची आणि वाटायचं, आई आत्ता जेवली असेल का. ती इतकी हलकी झाली होती की बाजेवरून उठली तरी सुतळी करकरत नसे.

शेवटी परवा, त्या कुरडयांच्या सकाळी, मला सुचलं ते आधीच सुचायला हवं होतं. संजूचं मशीन. मी अन्सारभाईंना फोन लावला.

"ताई, कॉम्प्युटर तं कबाडात गेला," ते म्हणाले. माझा जीव गेला. मग म्हणाले, "लेकिन थो सीड्या लिहाचा रायटर म्या काढून ठेवलता. माळ्यावर असन. संजूनं लय हौसेनं घेतलता, फेकवला नाई मले. चालन का नाई, नाई सांगू शकत."

मी एकटीच जाणार होते. पण आई दारात उभी राहिली. "मले बी घेऊन चाल," म्हणाली.

वणीहून यवतमाळ, तिथून गाडी बदलून पुसद. दिवसभराचा प्रवास, खिडकीतून भाजणारा वारा. आईने डिस्क जुन्या मऊ पातळात गुंडाळून पोटाशी धरली होती, वरून पदर. गाडी वळली आणि आमच्या बाजूला ऊन आलं की ती उठायची आणि समोरच्या बाकावर, सावलीत जाऊन बसायची. परत वळली की परत उठायची. कंडक्टर म्हणाला, "माय, एका जागी बसा न." तिने डिस्कवरचा पदर आणखी खाली ओढला. उन्हाला भिऊन बाकं बदलणारी माझी आई मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मला रडूही येईना.

अन्सारभाईंचा स्टुडिओ आता मोबाईल रिचार्ज, झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोंवर चालतो. त्यांची दाढी पांढरी झाली आहे. त्यांनी आईला बाकावर बसवलं, "अम्मा, पानी पिओ," म्हणाले. संजूचं मशीन त्यांनी पुसून, वायरी जोडून तयार ठेवलं होतं. पण ट्रे उघडेना. इतकी वर्षं मिटलेलं तोंड. त्याच्या दाताखाली एक बारीक भोक असतं, त्यात टाचणी घातली की ट्रे सुटतो. टाचणी सापडेना. आईने पदराची पिन काढून दिली. अन्सारभाईंनी ती सरळ केली, आत खुपसली, आणि ट्रे बाहेर आला.

डिस्क आत गेली. घूं घूं सुरू झाली. मी डोळे मिटून घेतले. मी उभी होते त्या जागी आमचा कूलर होता, पत्रिका होत्या, आणि संजू पाठमोरा बसला होता. मशीन थांबायचं, परत फिरायचं, परत थांबायचं. "कड वाकली हाय ताई," अन्सारभाई हळूच म्हणाले. "पन रंगाची नाई हे. धातूची हाय. लिहिलेलं आतून बाहेर जाते. आतलं लागलं तं लागलं."

पडदा पांढरा झाला. नुसता पांढरा, कडेपासून कडेपर्यंत.

"गेलं," मी म्हणाले. "रिकामी हाय."

"थांबा," अन्सारभाई म्हणाले.

पांढरं हललं. मग मला त्यात धागे दिसले. आडवे, उभे, एकेक सूत मोजता यावं इतके स्वच्छ, आणि एका कोपऱ्यात हळदीचं बोट पुसल्याचा पिवळा ठसा. वाऱ्याने ते पांढरं फुगलं आणि खाली बसलं. लुगडं होतं ते. उन्हात धरलेला पदर. आणि त्याच्या अलीकडून, अगदी कानाजवळून, तो बोलला.

"आई, अजून वरतं धर न. उन्हात. पांढरं दिसू दे याले."

"कितीक वेळ धरू?" पदरामागून आईचा आवाज आला. तरणा, कावलेला. "तिकडं भाजी करपून राह्यली माही."

तो हसला. मला त्याचं हसणं आठवत होतं असं मी समजत होते. मला काही आठवत नव्हतं. "झालं, झालं. हां. असाच. आता हलू नोको."

आणि चित्र थांबलं. अन्सारभाईंनी पुढे नेऊन बघितलं, मागे नेऊन बघितलं, बंद करून परत लावलं. त्याच्या पुढे वाकलेली कड होती. माझं सगळं लग्न त्या कडेत होतं, वंदना, पाठवण, सगळं. त्यातलं काही आलं नाही. जे आलं ते त्यांनी लगेच पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं आणि माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत बसले.

पडद्यावर पांढरं तसंच थिजलेलं होतं. मी आईला घ्यायला मागे वळले. ती बाकावर नव्हती. पडद्यासमोर उभी होती, आणि पिन काढून सुटा झालेला पदर तिने दोन्ही हातांनी खांद्याच्या वर ताणून धरला होता.

"आई," मी म्हटलं, "बस आता. खाली घे."

"थांब," ती म्हणाली. "हलू नोको म्हन्ला न थो."